पाऊणपट पलंग

“जरा आडवं होऊन बघू का?” गिऱ्हाईकाने विचारलं आणि स्वयंपाकघरात कपाटाची बिजागरी घट्ट करणाऱ्या मिस्त्रींचा हात जागच्या जागी थांबला.

प्रश्न तसा साधाच होता. पण या सॅम्पल फ्लॅटमधला पलंग आडवं होण्यासाठी नव्हताच मुळी. मिस्त्रींनी तो मुद्दाम साडेचार फुटांचा केला होता. कपाट पाऊणपट, टेबल पाऊणपट, सोफाही पाऊणपट. सामान आखूड केलं की खोली आपोआप ऐसपैस दिसते. युक्ती बिल्डरची, पण ती लाकडात उतरवण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणी पलंगावर टेकायला गेलंच, तर विक्रीच्या मॅडम गोड हसून म्हणत, “पॉलिश ओलं आहे हं.” पॉलिश गेले आठ महिने ओलं होतं.

आजचं गिऱ्हाईक मात्र सहा फुटी होतं, शिवाय चौकस. सोबत बायको. इमारतीतला हा शेवटचा फ्लॅट. तो गेला, तर पुढच्या इमारतीचं सामानही मिस्त्रींकडेच येणार होतं. नाही गेला, तर काम इथेच संपलं. इकडे एक तारखेपासून घरमालक भाडं वाढवणार होता. हाताला काम नसेल, तर पाच जणांची ती एक खोलीही सोडायची, जिथे परवडेल तिथे लांब कुठेतरी जायचं आणि पोरीची शाळा पुन्हा बदलायची. चौथीत येईपर्यंत तिच्या तीन शाळा झाल्या होत्या. या शाळेत तिला पहिल्यांदाच जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती. दुपारचं जेवणही मिळायचं.

पोरगी आज बापाबरोबरच आली होती. शाळा लवकर सुटलेली आणि आई कामावर. मिस्त्रींनी तिला बेडरूमच्या कोपऱ्यात जमिनीवर बसवलं होतं आणि दम भरला होता, “कशाला हात लावायचा नाही. टीव्ही पुठ्ठ्याचा आहे, सफरचंदं प्लॅस्टिकची आहेत. कितीही भूक लागली तरी चावायचं नाही.” यावर पोरगी खुदकन हसली होती.

“अहो, पॉलिश ओलं...” मॅडमनी सुरुवात केली.

“असू दे, शर्ट जुनाच आहे,” म्हणत साहेब बेडरूमकडे निघालेसुद्धा. मागोमाग बायको, तिच्यामागे मॅडम आणि सगळ्यांत मागे स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच धरून मिस्त्री. सहा फुटांतून साडेचार वजा केले की दीड फूट उरतो. म्हणजे साहेबांचे दीड फूट पाय पलंगाबाहेर लोंबणार, हे मिस्त्रींना चालता चालताच दिसायला लागलं.

पण साहेब दारातच थबकले. पलंगावर मिस्त्रींची पोरगी झोपली होती. गाढ. अंगाचं मुटकुळं करून, गुडघे पार हनुवटीला लावून. पलंगाचा एक कोपरा तेवढा तिने घेतला होता. बाकीचा पलंग रिकामा पडला होता.

मेलो, असं मिस्त्रींना वाटलं. मॅडमना तसं काही वाटलं नाही. त्या या धंद्यात केस पांढरे करून, पुन्हा काळे करून बसलेल्या होत्या.

“आमच्या मिस्त्रींची मुलगी,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “चौथीत आहे. बघा ना, पलंग केवढा, पोर नुसती हरवून गेलीय त्यात!”

साहेबांनी पोरीकडे पाहिलं. पलंगाकडे पाहिलं. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत नजर फिरवली. “खरंच की. मला वाटलं होतं त्यापेक्षा खोली मोठी आहे.”

“गारठलीय हो बिचारी. एसी कमी करा जरा,” बायको म्हणाली आणि तिने पोरीच्या अंगावर चादर घातली. “उठवू नका हं तिला. चला, आपण बाहेर बोलू.”

आडवं होऊन बघायचं राहूनच गेलं. पंधरा मिनिटांत दोघं नवराबायको खालच्या ऑफिसात सह्या करायला गेले.

मॅडमना तर काय करू नि काय नको असं झालं. “मिस्त्री, पुढचं काम तुमचंच, हा माझा शब्द! आणि हिला पुढच्या इमारतीतही आणायची बरं का. रविवारी गिऱ्हाईक आलं की हिने नुसतं झोपायचं. खाऊ माझ्याकडून.” मग त्यांना एकदम शंका आली. “पण काय हो, झोपेत हिने पाय लांब केले तर? आपलं बिंग फुटेल ना!”

“छे हो मॅडम!” मिस्त्री छातीठोकपणे म्हणाले. “ती पाय लांब करतच नाही. अशीच झोपते, पहिल्यापासून. सवयच आहे तिची.”

मॅडम खूश होऊन खाली गेल्या. मिस्त्रींनी एसी बंद केला आणि ते आपणच केलेल्या पलंगाच्या कडेला बसले. काम राहिलं, खोली राहिली, शाळा राहिली. पोरीबद्दल त्यांना इतकी माया दाटून आली, की त्यांनी चादरीवरून तिच्या पोटऱ्यांवर हात फिरवला.

“पाय मोकळे सोड की गं, राणी. आता कोणी येत नाही. सगळा पलंग तुझाच आहे.”

पोरीने डोळे उघडले नाहीत. गुडघे आणखीनच पोटाशी ओढून घेत ती झोपेतच पुटपुटली, “नको, बाबा. धाकट्याच्या तोंडावर लागतात.”