कोपऱ्यातला दबा

यंत्राची ठकठक थांबली आणि पडद्यावर आप्पांचं हृदय तिसऱ्यांदा धूसर उमटलं. स्पष्ट चित्रं मिळाली नाहीत, तर उद्याचं ऑपरेशन लांबणार होतं. आणि आडवं पडून आप्पांना धाप लागत होती.

एमआरआय करणाऱ्या मेधाला माइकमधून पुटपुट ऐकू आली, "कबड्डी, कबड्डी..."

"आप्पा, श्वास रोखून गप्प राहायचं ना?"

"पोरी, दम धरला की तोंड आपोआप चालतं. वीस वर्षं चढाया केल्यात."

चित्रं कमी बारकाईची येतील म्हणून मेधाने भीतभीतच नवी पद्धत लावली. अठराऐवजी सहाच सेकंद श्वास रोखायचा.

"आता चढाई समोरच्याची, आप्पा. तुम्ही कोपऱ्यात दबा धरून बसलाय. बोललात, तर तो निसटेल."

सहा सेकंद चकार शब्द आला नाही. पडद्यावर झडप न् झडप स्पष्ट दिसली.

"धरला का गं?" आप्पांनी धापा टाकत विचारलं.

"धरला, आप्पा."