ग्लासातली हळद

फीत कापायची कात्री अध्यक्षांच्या हातात होती आणि सोसायटीच्या नव्या पोहण्याच्या तलावाच्या दाराशी, तिथल्या पाण्याची देखभाल करणारी मी, कुलूप घेऊन उभी होते. मागे पोहायच्या कपड्यांतली वीस पोरं नुसती उसळत होती.

“बाई, पाणी आरशासारखं स्वच्छ आहे. बाजूला व्हा आता!”

“नव्या प्लास्टरचा चुना पाण्यात उतरलाय, साहेब. तो मारायला काल अ‍ॅसिड घातलं, आज पुन्हा घालावं लागेल. आत्ता पोरं उतरली तर डोळे चुरचुरतील, अंगाला खाज सुटेल. दोन दिवस थांबा.”

“पाणी तपासायच्या तुमच्या त्या बाटलीतल्या रंगीत थेंबांसाठी मी कार्यक्रम रद्द करू? पाहुणे आलेत!”

थेंब नकोत तर नकोत. मी तलावातलं पाणी ग्लासात घेतलं, पूजेच्या ताटातली चिमूटभर हळद त्यात टाकली आणि बोटाने ढवळली. बघता बघता पाणी तांबडं झालं.

“अहो, चुन्यात कालवल्यासारखी झाली की हळद!” ताट धरून उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या आणि त्यांनी आधी नातीला मागे ओढलं.

अध्यक्षांचा चेहराही तांबडा झाला. “उद्यापासून कामावर येऊ नका.”

“नाही येत.” मी तो ग्लास त्यांच्या सत्काराच्या नारळाशेजारी ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. “हळद पिवळी राहिली की निरोप धाडा. चावी आणून देईन.”