तूच लिही, मी सही करतो
परदेशात समाजशास्त्र शिकण्यासाठी अर्ज करायचं माझं हे तिसरं वर्ष, आणि सरांचं उत्तरही तिसऱ्यांदा तेच: “शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.” संशोधनासाठी लोकांच्या घरी बसून त्यांच्या गाऱ्हाण्यांनी मी वह्याच्या वह्या भरल्या, पण स्वतःबद्दल चार ओळी सुचेनात. ‘अत्यंत हुशार’ लिहिलं, खोडलं. नुसतं ‘हुशार’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी ‘मेहनती, वेळेवर येते’ एवढंच उरलं. आई म्हणाली, “यावर तुला प्रवेश देतील की वॉचमनची नोकरी?” वाद घालायचं त्राण नव्हतं, तसंच नेलं. सरांनी उत्तरपत्रिकांच्या ढिगातून मान वर काढली, पत्र दोनदा वाचलं, सही केली आणि कागद घडी करून दिला. जिन्यात घडी उघडली. सहीखाली त्यांच्या गिचमिड अक्षरात होतं: “पत्र तिनेच लिहिलंय. तिला स्वतःचं कौतुक करता येत नाही. बाकी सगळं येतं.”