मागच्या सीटवरचं पोतं

खडकावर टायरनं पकड धरली, चिखलात तो घसरला. आता नदीच्या कोरड्या पात्रातली वाळू उरली होती. कंपनीचे नवे टायर तपासायला मोटारसायकलला चढवून असं फिरणं हीच माझी नोकरी. मागच्या सीटवर माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं बांधायचं. दिवसभर सोबतीला तेवढंच, तेही मुकं.

काठावर एका म्हातारीनं हात केला. "लेकरा, पल्याड सोडतोस का? पाय चालंनात."

पोतं उतरवून तिला बसवलं. वाळूत चाक हेलकावलं, तसा तिनं माझा खांदा घट्ट धरला. "पडलो तर दोघंबी पडू," हसत म्हणाली.

तिला सोडून परत आलो, पोतं चढवलं. दोरी रोज सीटखालून आवळतो. आज एक वेढा माझ्या खांद्यावरून घेतला.