दोन वचनांचं स्तोत्र

माझगावच्या आमच्या घरात पवित्र शास्त्र वाचल्याशिवाय कुणाला चहा मिळत नाही. आधी देव, मग बाकी सगळं. नियम माझाच.

पण वाचायचं काम शमूकडे दिल्यापासून हा पोरगा रोज एकशे सतरावं स्तोत्रच उघडतो. सगळ्यांत लहान, दोनच वचनं. वाचलं, आमेन, चहा, की बस पकडायला पळाला. त्याची आई मार्था मात्र रोज त्याला चिकटून पुस्तकात डोकावत बसते. तिला एक अक्षर वाचता येत नाही, तरी.

आठ महिने सोसलं. आज भडकलोच.

"अरे, देवाला रोज दोन वचनांत गुंडाळतोस? दे इकडे. आज मी एकशे एकोणिसावं वाचतो. एकशे शहात्तर वचनं आहेत!"

"पप्पा, बस जाईल माझी!"

"जाऊ दे बस!"

मी पान उलटणार, तोच मार्थाने त्यावर हात ठेवला.

"अहो, तुम्हाला पुढे जायची कसली घाई? पहिलं वचन मला आता वाचता येतं. दुसऱ्यातले चार शब्द तेवढे अडतात."