कुणाचीच हरकत नाही

व्यापाराच्या वाटाघाटींना आमच्या छोट्या देशाने मला एकट्यालाच धाडलं होतं. मोठ्या देशांकडून अर्थतज्ज्ञांची वऱ्हाडं आली होती. कापसाची बैठक आणि मासळीची बैठक एकाच वेळी, इमारतीच्या दोन टोकांना. नियम साधा होता: हजर असलेल्यांपैकी कुणी हरकत घेतली नाही, की ठराव मंजूर.

कापसावर हरकत नोंदवून मी धापा टाकत मासळीच्या खोलीत पोचलो. आमच्या अख्ख्या किनाऱ्याचं पोट मासळीवर. तिथे लोक खुर्च्या सरकवून उठत होते.

"मंजूर झालं," अध्यक्ष कागद आवरत म्हणाले. "तुमच्याकडून कुणी काही बोललं नाही."

"बोलायला इथे होतं कोण?"

"तेच म्हणतोय मी."

बाहेर आलो, तर दादाचा फोन.

"अरे, आईचं घर विकायचं ठरलं. ती आळीपाळीने आपल्या दोघांकडे राहील. तुला सकाळपासून फोन लावतोय. उचलला नाहीस, म्हणजे तुझी हरकत नाही असं धरलं."

"आणि आई काय म्हणाली?"

"ती कुठे काय म्हणतेय? खाली मान घालून भाजी निवडत होती. म्हणजे तिचीही नसणार."