खळ वाळेपर्यंत

"बाबा, कॉफी!" सुनेने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"आलोच," पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला.

हे 'आलोच' तिने पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाई गेल्यावर ती आणि नवरा इथे राहायला आले, तेव्हापासून सासऱ्यांना हाक मारायची वेळच आली नव्हती. जन्मभर केलेलं पुस्तकबांधणीचं काम त्यांनी सोडून दिलं होतं. दिवसभर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून असायचे. कप समोर आला की दोन घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "चांगली आहे." उरलेली मोरीत जायची. जेवणाचीही तीच तऱ्हा. सदरे त्यांना मोठे व्हायला लागले होते, आणि तिला त्याची भीती वाटत होती.

एकदाच ते मनातलं बोलले होते. "तिच्या हातची कॉफी तेवढी परत मिळायला हवी होती गं."

सून औषधांच्या दुकानात काम करणारी. अंदाजपंचे काही करणं तिला जमायचं नाही. तिने चंगच बांधला. कापडातून गाळली ती मऊ लागली, कागदातून उतरली ती पातळ आणि किंचित आंबूस. दट्ट्याच्या काचेच्या भांड्यातली दाट निघाली, तळाशी गाळ ठेवून. मग वाफेवर कॉफी वर चढवणारी एक छोटी किटली आणली, तर तिच्यातली कॉफी इतकी कडक, की अंगावरच धावून आली. पूड तीच, दूध तेच, आणि चव दर वेळी निराळी. हवी ती मात्र नाहीच. शेवटी तिने विचारलं, "आई करायच्या तरी कशात?"

"पातेल्यात. उकळायची, गाळायची, झालं."

पातेल्यातही करून झाली. "चांगली आहे." अर्धा कप मोरीत.

"अगं, सोड आता," नवरा म्हणाला. "आईच्या हाताला चव होती, ती तू कुठून आणणार?" तिला ते पटलं नव्हतं. हाताला कसली चव? काहीतरी वेगळं करत असणार त्या.

आज सकाळी शेजारच्या शिक्षिका बाई खिळखिळा झालेला शब्दकोश घेऊन आल्या. "तुमच्याशिवाय कुणाला देऊ हो?" म्हणाल्या. सासरे नाही नाही म्हणत होते, पण बोटं पानांच्या कडांवरून फिरायला लागली होती. मग त्यांनी खळ शिजवली, ब्रश धुतला, दोरा काढला आणि खिडकीखालच्या पाटासमोर मांडी ठोकली. सून दारातून बघून गेली. तिला रडूच यायचं बाकी होतं.

कॉफी निवली तशी तिने ती पातेल्यात परत ओतून तापवली. "बाबा, अहो या ना!"

"आलोच गं. खळ वाळेल."

ओल्या खळीचा कागद तसाच सोडून उठलं, की तो वाकडा वाळतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या आवाजातून कळलं. तिने गॅस बारीक केला आणि पातेलं त्यावर ठेवून ती कपडे वाळत घालायला गेली. परत आली तेव्हा कॉफी कढून खाली गेली होती, कडेला तपकिरी साय धरली होती. ती ओतून टाकणार, तेवढ्यात सासरे हात पुसत आत आले आणि खुर्चीत बसले.

"आण. दमलो बुवा."

तिने गुपचूप कपात ओतली. त्यांनी एक घोट घेतला आणि ते थांबले. मग दुसरा. मग कप खाली न ठेवता सगळी संपवली.

"हीच," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं, हीच. कशात केलीस?"

तिला क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं. पण जमलं नाही.

"पातेल्यातच. पण बाबा, ही बिघडलीय. तुम्ही येईनात, म्हणून परत तापवली. मग गॅसवरच राहिली आणि कढली. ताजी होती तेव्हा अशी नव्हती."

सासरे रिकाम्या कपाकडे बघत राहिले. 

"तीही हाका मारायची," ते म्हणाले. "मी आत यायचो तोवर तिचा कप धुऊन पालथा घातलेला असायचा. मला वाटायचं, ही कॉफी अशीच करते."

 सुनेने उगाच ओटा पुसला.

"ती स्वतः प्यायची, ती कशी लागत असेल गं?"

"ताजी प्यायल्या असतील, तर परवा मी पातेल्यात केली होती ना, तशी."

"ती मी अर्धी टाकली."

"हो."

"पुन्हा कर," ते म्हणाले आणि खुर्चीतून उठून तिच्याशेजारी ओट्याशी येऊन उभे राहिले. पाणी उकळेपर्यंत, पूड बसेपर्यंत, गाळून होईपर्यंत ते हलले नाहीत. तिने दोन कप भरले. वाफ त्यांच्या चष्म्यावर चढली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि सावकाश, एकेक घोट घेत प्यायला सुरुवात केली.

"चांगली आहे," ते म्हणाले.

पुढच्या खोलीत शब्दकोश उघडाच पडला होता, कण्यावर नुकताच लावलेला कागद ओला होता. तिला त्याची आठवण झाली.

"बाबा, खळ वाळेल."

"वाळू दे," सासरे म्हणाले.